तिच्या रागाला यंत्र मिळालं तेव्हा

प्रस्तावना

वु झेतियानच्या दोन्ही भुवया नाकाच्या वर एकमेकींना भिडलेल्या आहेत. अठरा वर्षं या भुवयांनीच तिचा जीव वाचवला. तिच्या देशात गरीब घरातली देखणी मुलगी सैन्याला विकायची रीत आहे, आणि जुळलेल्या भुवयांच्या मुलीला भाव येत नाही. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ती आपल्या जिवलग मित्रापुढे बसते आणि त्याच्याकडून त्या भुवया उपटून घेते. तिला आता विकलं जायचंच आहे. तिच्या मोठ्या बहिणीला सैन्यातल्या एका नावाजलेल्या लढवय्याने मारलं. त्याच्यापर्यंत पोचायला मुलीसमोर एकच रस्ता आहे, त्याची उपपत्नी म्हणून भरती होणं. एकदा त्याच्या शेजारी बसायला मिळालं की ती त्याचा जीव घेणार आहे.

शिरान जे झाओ यांच्या 'आयर्न विडो' या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. झाओ यांचा जन्म चीनमधला आणि पुढची वाढ कॅनडातली. कादंबरी २०२१ साली आली, तिला ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशनचा किशोर वाचकांच्या पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला आणि 'हेवनली टायरंट' हा तिचा पुढचा भाग २०२४ च्या अखेरीस निघाला. या पुस्तिकेत नागपुरातल्या काही मुलामुलींनी ही कादंबरी वाचून लिहिलेली टिपणं आहेत. टिपणं त्यांची त्यांनी लिहिली आहेत आणि ती कोणाच्या शिफारशीवाचून उभी राहतात. माझ्याकडे काम आलं ते विषयाची ओळख करून देण्याचं. सूड घ्यायला निघालेली मुलगी, तिच्या हातात एक अजस्र यंत्र, आणि ते वाचताना येणारी मजा. या मजेविषयी मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण आपल्याकडे वाचणाऱ्या मुलीच्या हातातलं पुस्तक बघून मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो बोधाचा.

आधी त्या जगाची थोडी माहिती. देशाचं नाव हुआशिया. भिंतीपलीकडून हुंडुन नावाचे धातूच्या अंगाचे परग्रहवासी चालून येतात. त्यांच्याच कलेवरांपासून माणसांनी क्रिसलिस ही रूप बदलणारी राक्षसी यंत्रं बनवली आहेत. यंत्र चालतं ते 'ची'वर, म्हणजे प्राणशक्तीवर. चालवायला दोघं लागतात, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा वरच्या खुर्चीत बसून मुलीची प्राणशक्ती स्वतःकडे ओढून घेतो आणि लढाई संपते तेव्हा बहुतेक वेळा मुलगी मेलेली असते. मग दुसरी आणतात. या लढाया थेट प्रक्षेपित होतात, जिंकणाऱ्या पोरांचे चाहते असतात, त्यांच्या नावाचा जयजयकार होतो. मेलेल्या मुलीच्या घरी पैसे पोचतात.

झेतियानच्या घरी मात्र तेही पोचले नाहीत. तिची बहीण यंत्रात मेली नाही, त्या लढवय्याने तिला लढाईबाहेरच मारून टाकलं. युद्धात मरण आलं नाही म्हणून भरपाई नाही, आणि आईबापांना खरं दुःख होतं ते त्या बुडालेल्या पैशांचं. विदर्भातल्या वाचकाला हा तपशील समजावून सांगावा लागत नाही. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याच्या गावांमध्ये गेली अनेक वर्षं शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर एक फाइल तयार होते, तिच्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो, आणि एक लाख रुपयांची मदत त्या शेऱ्यावर अवलंबून असते. सातबारा बाईच्या नावावर नसेल तर शेतात आयुष्य घालवूनही ती कागदावर बहुधा शेतकरी ठरत नाही आणि तिच्या मरणाची फाइल अपात्र होऊ शकते. दूर कॅनडात बसलेल्या लेखकाने वैदर्भीय मुलीच्या ओळखीची गोष्ट लिहिली आहे, ती लिहिताना त्यांना विदर्भ ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणतं मरण किमतीचं आणि कोणतं बिनकिमतीचं हे ठरवणारे लोक सगळीकडे सापडतात.

आता सूडाकडे येऊ. नेहमीच्या सूडकथेत शत्रू शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवतात, कारण तो मेला की गोष्ट संपते. झाओ तसं करत नाहीत. झेतियानचा शत्रू पुस्तकाच्या पहिल्याच भागात मरतो. दोघं यंत्रात बसतात, तो नेहमीप्रमाणे तिची शक्ती ओढायला लागतो आणि ती त्याचीच ओढून घेते. यंत्रातून बाहेर येते ती मुलगी, प्रेत निघतं ते मुलाचं. सूड पुरा झाला, पुस्तक अजून तीन चतुर्थांश उरलेलं आहे, आणि माझ्या मते या कादंबरीचं खरं बळ या मांडणीत आहे. शत्रू मेल्यावरही दुसऱ्या दिवशी सैन्यात नव्या मुली भरती होतच राहतात. त्या खुर्च्या तिथेच असतात. मग झेतियानला कळायला लागतं की तिने मारलेला माणूस त्या व्यवस्थेचा नुसता एक लाडका पोरगा होता. तिचा राग एका माणसावरून सरकत सरकत खुर्च्यांच्या रचनेवर, भरती करणाऱ्यांवर, पैसे मोजून घेणाऱ्या आईबापांवर आणि ही रीत निसर्गाचीच आहे असं शिकवणाऱ्या शहाण्यांवर जातो. खुर्च्यांचं गुपित शेवटी उलगडतं, ते मी फोडत नाही. एवढंच सांगते की विज्ञानकथा म्हणून पुस्तक तिथे पूर्ण खरं उतरतं. 'बायकांची शक्ती मुळातच कमी' हे विधान तपासायला तिथे यंत्र उघडून बघावं लागतं. मताला मताने उत्तर देऊन भागत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. रागावलेल्या मुलीला आपल्या बाकी कथाप्रकारांत जागा अपुरी पडते. घरगुती कादंबरीत तिची समजूत काढतात. ऐतिहासिक कादंबरीत ती मोठ्या पुरुषाच्या कथेत येऊन जाते. विज्ञानकथा तिच्या रागाला त्याच्या आकाराचं हत्यार देऊ शकते आणि मग त्या रागाचं शेवटपर्यंत काय होतं ते निर्भयपणे बघू शकते, कारण तिथे जगाचे नियमच नव्याने लिहायची मुभा आहे. तो राग बघण्यात मजा आहे, आणि ती मजा घ्यायला कोणाची परवानगी लागू नये.

सूड आणि विज्ञानकथा यांचं नातं नवं नाही, उलट जन्मापासूनचं आहे. मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा, १८१६ च्या उन्हाळ्यात, ती अठरा वर्षांची होती. पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाशिवाय बाहेर पडलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली होती. म्हणजे नागपूरचं राज्य इंग्रजांच्या हाती जात होतं त्याच सुमारास एका इंग्रज मुलीने एका महत्त्वाकांक्षी, हुशार आणि बेजबाबदार पुरुषावर जगातली पहिली मोठी विज्ञान कादंबरी लिहिली. तो पुरुष जीव निर्माण करतो, त्याला टाकून पळतो, आणि तो जीव सूड घ्यायला त्याच्या मागे लागतो.

त्या कादंबरीतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो निर्माण केलेला जीव एकटा असतो. माझ्यासारखीच एक स्त्री बनवून दे, मग मी माणसांपासून लांब निघून जाईन, असं तो व्हिक्टरला सांगतो. व्हिक्टर कबूल होतो, एका बेटावर जाऊन कामाला लागतो, ती स्त्री निम्मीअधिक तयारही करतो. मग त्याच्या मनात विचार येतो: हा करार आम्हा दोघांचा झाला, पण ती तर तेव्हा जन्मलीच नव्हती. ती विचार करू शकणारा जीव असेल. तिने हा करार मानला नाही तर? आणि या भीतीने तो तिचे तुकडे करून टाकतो. विज्ञानकथेतली पहिली नायिका अशी टेबलावरच संपली. तिने डोळेही उघडले नव्हते. कदाचित ती नाही म्हणेल, एवढाच तिचा गुन्हा. वु झेतियान यंत्राच्या खुर्चीत बसते आणि तिच्या जन्माआधी इतरांनी केलेला करार मोडून टाकते, तेव्हा मला ती बेटावरची स्त्री आठवते. दोनशे वर्षांनी कोणीतरी तिला उठून बसू दिलं.

मधल्या काळात सूड मिळाला तो पुरुषांना. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो हा त्यातला सर्वांत देखणा. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये तो कोण, कुठला हे व्हर्नने सांगितलं नाही. त्याला नेमो पोलंडचा करायचा होता, रशियाने ज्याचं घरदार बुडवलं असा. पण रशियातला वाचक दुखावेल म्हणून प्रकाशक हेट्झेलने विरोध केला. पुढे १८७४–७५ मध्ये आलेल्या 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये उलगडा झाला: नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. १८५७ च्या उठावात तो लढला, त्यात त्याचं कुटुंब गेलं, आणि मग त्याने नॉटिलस ही पाणबुडी बांधून समुद्राखालून सूड घेतला. बुंदेलखंड आपल्या उत्तरेला, जबलपूर ओलांडलं की लागतंच. जगातल्या विज्ञानकथेचा सर्वांत प्रसिद्ध सूडकरी आपला शेजारी आहे! भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आमच्या आधीच्या पिढ्यांनी त्या वाचून रात्री जागवल्या. नेमो इतक्या बोटी बुडवतो, त्यांच्यात माणसं असतात, तरी त्याच्याबद्दल 'मुलांवर काय परिणाम होईल' असं कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. त्याच्या दुःखाला भव्यता दिली गेली. १८५७ मध्येच लढलेली झाशीची राणी आपल्या सीताबर्डीत चौकात घोड्यावर उभी आहे, मेट्रोचं स्टेशन तिच्या नावाने आहे, पण तिला पाणबुडी बांधून द्यावी असं व्हर्नच्या काय, कोणाच्याच मनात आलं नाही.

स्त्रियांच्या बाजूने एक वेगळी, लहानशी पण लखलखीत सुरुवात आपल्याच देशात झाली होती. बेगम रोकेया यांची 'सुल्तानाज ड्रीम' ही कथा १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. त्यात बायका सूर्याची उष्णता साठवून शत्रूचं सैन्य पळवतात आणि पुरुषांना पडद्यात बसवतात. रोकेयांच्या कथेत राग फारसा दिसत नाही, सगळं स्वच्छ, हसतं, बागबगीच्यांचं आहे. पण ज्या बाईला स्वतःला पडद्यात राहावं लागलं तिने सगळ्या पुरुषांना एका कथेत आत बसवलं, याला सूड नाही तर काय म्हणायचं?

आणि त्याहून मागे गेलं तर अंबा. भीष्माने स्वयंवरातून उचलून आणलेली, शाल्वाने नाकारलेली, कोणाचीच न राहिलेली. ती परशुरामाला भीष्मावर पाठवते, त्या लढाईचा निकाल लागत नाही. मग ती स्वतः तप करते, वर मिळवते, अग्नीत शिरते, द्रुपदाच्या घरी शिखंडिनी होऊन जन्मते आणि पुढे स्थूणाकर्ण यक्षाशी देहाची अदलाबदल करून पुरुष होते. एका माणसाला मारण्यासाठी तिने जन्म बदलला, देह बदलला. आजच्या भाषेत मांडली तर ही विज्ञानकथाच आहे, आणि कोणत्याही किशोर कादंबरीपेक्षा धाडसी. आपल्या विदर्भाच्या राजकन्याही काही मवाळ नव्हत्या. दमयंतीला अजगराच्या तोंडून सोडवणाऱ्या पारध्याची नंतर नियत फिरते, तेव्हा ती त्याला शाप देते आणि तो जागच्या जागी मरून पडतो. शाळेच्या पुस्तकात दमयंती म्हटलं की हंस येतो. पारधी गाळलेला असतो.

रौद्र हा भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी एक, क्रोध त्याचा स्थायीभाव. देवीला आपण तो रस मोकळ्या मनाने दिला. नवरात्रात कोराडीला जगदंबेच्या देवळापुढे रांगा लागतात, महिषासुराच्या छातीवर पाय दिलेली मूर्ती बघताना कोणालाही संकोच वाटत नाही. घरातल्या पोरीच्या आवाजात तोच रस आला की मात्र तिला आधी पाणी देतात, मग गप्प बसवतात. मराठी साहित्यातही हे झालं. विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं तेव्हा केवढी खळबळ उडाली, आणि ते तर नुसते निःश्वास होते. किशोरांचं कपाट बघा: गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. मी तिघांनाही जीव लावलेला आहे, पण तिघेही मुलगेच. मराठी विज्ञानकथेची परंपरा तर अभिमानाने सांगावी अशी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि तिथून एक मोठं दालन उघडलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ते भरलं, मेघश्री दळवींसारख्या लेखिका त्यात आल्या. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं तेव्हा विज्ञानकथेला मराठीने मानाचं पान दिलं. तरी या दालनाचा स्वभाव बुद्धीचा, कोड्याचा, इशाऱ्याचा राहिला. त्यातली माणसं प्रयोगशाळेत असतात, बैठकीत असतात, विचार करतात. रागाने थरथरणारी सतरा वर्षांची मुलगी त्या बैठकीच्या खोलीत शिरली नाही. ती तिथे येऊन दार आपटते ते मला ऐकायचं आहे.

नागपुरात सूडाबद्दल लिहिताना कस्तुरबानगर टाळून पुढे जाता येणार नाही, आणि मी टाळत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केलं. जमावात बहुसंख्य बायका होत्या, कस्तुरबानगर वस्तीतल्या. मिरचीची पूड आणि घरातल्या सुऱ्या त्यांची हत्यारं होती. वर्षानुवर्षं या माणसाने वस्तीत बलात्कार केले, घरं लुटली, माणसं मारली असं बायका सांगत होत्या, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जात नव्हतं. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने त्यावर मालिका काढली आणि शहराबाहेरच्या आणखी लोकांपर्यंत हे पोचलं. मी त्या घटनेचं समर्थन करायला बसलेली नाही. न्यायालयात माणूस मारला जातो तेव्हा न्यायालयही जखमी होतं. पण ज्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना 'कायदा हातात घेऊ नका' हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार केल्याशिवाय ते वाक्य उच्चारायचा अधिकार मिळत नाही. टिपणं लिहिणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा जन्म त्या घटनेनंतरचा. तरीही एका मुलीने झेतियानबद्दल लिहिता लिहिता आपल्या आजीने सांगितलेलं कस्तुरबानगर आणलंच आहे. मी ते टिपण जसंच्या तसं ठेवायला सांगितलं.

याच शहरात रागाची दुसरीही वाट निघालेली आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर भाषणाला उभे राहिले तेव्हा समोर हजारो बायका बसल्या होत्या. त्या बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, एकाहून जास्त लग्नं करणाऱ्या पुरुषांविरुद्ध ठराव केला, गिरण्यांत आणि विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या सोयीसवलती मागितल्या. त्याआधी जाईबाई चौधरी होत्या. रेल्वे स्टेशनवर हमाली करणाऱ्या जाईबाईंना एका मिशनरी बाईंनी शिकवलं. त्या मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला, तेव्हा जाईबाईंनी ती नोकरी सोडली आणि नागपुरात स्वतःची चोखामेळा कन्याशाळा काढली. ज्या पालकांना आपली सावली चालत नव्हती त्यांच्याच गावात त्यांनी वर्ग भरवले. या वाटा एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहेत असं म्हणायची घाई मी करणार नाही. सुरुवात दोन्हींकडे एकाच ठिकाणी होते: हे असं चालणार नाही. झेतियानची कादंबरी वाचताना मला सतत वाटत होतं की या पोरीला एखादी जाईबाई भेटायला हवी होती. तिला कोणी भेटत नाही, हे तिचं दुर्दैव आणि कादंबरीची उणीवही.

उणिवा आहेतच, त्या सांगितल्या पाहिजेत. झेतियान सोडली तर या पुस्तकातल्या बाकीच्या बायका पुसट आहेत. आई, आजी, यंत्रातल्या इतर मुली यांच्या वाट्याला पुरेशी पानं आलेली नाहीत. एका मुलीच्या सुटकेत बाकीच्या मुली नुसत्या मोजण्यापुरत्या उरतात, आणि स्त्रियांच्या कैवाराने लिहिलेल्या पुस्तकाला हे शोभत नाही. कादंबरीचा उत्तरार्ध पळतो, युद्धाची प्रकरणं एकमेकांत मिसळतात. झेतियान पुढे ज्या गोष्टी करते त्यातल्या काही भयंकर आहेत, छळसुद्धा, आणि तिच्यासोबत इतका वेळ राहिलेल्या वाचकाला ते पटून जातं, हे अस्वस्थ करणारं आहे. पण ही शेवटची गोष्ट मी दोषांत धरत नाही. आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत हे पान उलटता उलटता तपासावं लागणं, हे चांगल्या सूडकथेचं लक्षण मानते. सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स'ने, २००८ पासून, हेच केलं होतं. कॅटनिसला एका माणसाला मारायचं असतं आणि शेवटच्या भागात तिचा बाण कुठे वळतो ते वाचताना आपला श्वास अडकतो. झेतियान तिच्यापेक्षा कमी विचार करते आणि जास्त पुढे जाते.

प्रेमाचा त्रिकोण मात्र सुंदर सोडवला आहे. नायिकेला दोघांतला एक निवडायला लावायचा, हा किशोर कादंबऱ्यांचा जुना नेम. इथे गाओ यिझी आहे, श्रीमंत घरचा, मऊ बोलणारा, भुवया उपटून देणारा. आणि ली शिमिन आहे, स्वतःच्या घरच्यांना मारल्याच्या आरोपाखाली बेड्यांत ठेवलेला, यंत्र चालवण्यात सर्वांत बलवान. ती निवडत नाही. त्या दोघांचंही एकमेकांवर प्रेम जडतं, आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजू खऱ्या होतात. काही पालकांना हे खटकेल. टिपणं लिहिणाऱ्या मुलांना त्यात विशेष काही वाटलेलं दिसत नाही.

झाओ यांनी नावं चीनच्या इतिहासातून घेतली आहेत. खरी वु झेतियान इ. स. ६९० ते ७०५ या काळात स्वतःच्या नावाने सम्राट म्हणून राज्य करणारी चीनच्या इतिहासातली एकमेव स्त्री, आणि दरबारी इतिहासकारांनी तिला क्रूर ठरवण्यात कसूर ठेवली नाही. झाओ त्या बदनामीचं ओझं न झटकता आपल्या नायिकेच्या खांद्यावर ठेवतात: क्रूर म्हणता ना, मग बघाच. स्वतःच्या इतिहासातली एक बदनाम बाई उचलायची आणि तिला भविष्यात नेऊन सोडायचं, ही युक्ती कोणालाही वापरता येण्यासारखी आहे. आपल्याकडे अंबा वाट बघत आहे, पारध्याला शापाने मारणारी दमयंती आहे. जागाही आहे. कोराडीला जगदंबेचं देऊळ आणि औष्णिक वीज केंद्राची धुराडी एकाच गावात उभी आहेत, पलीकडे खापरखेड्याच्या राखेचे तलाव आहेत, उमरेडच्या कोळशाच्या खाणी आहेत, गावाच्या पोटातून वाहणारी आणि गटार होऊन बसलेली नाग नदी आहे, आणि मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो तेव्हा भविष्यकाळ वेगळा कल्पावा लागत नाही. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाच्या अंधारात मान वर करून बसलेल्या शाळकरी मुलींपैकी कोणीतरी हे लिहील, अशी मला खरोखर आशा आहे. तिने ते मराठीत लिहावं, वऱ्हाडी बोलीत रागवावं.

वाचकांसाठी दोन शब्द. पुस्तक सुमारे चारशे पानांचं आहे, इंग्रजी सोपं आणि वेगवान आहे, दहावीच्या मुलीला कोशाशिवाय जमेल. हिंसा, लैंगिक अत्याचाराचे उल्लेख, आत्महत्येचे विचार, दारूचं व्यसन आणि छळ यांची सूचना लेखकाने सुरुवातीलाच दिली आहे. ती वाचा, आणि नको वाटलं तर बिनदिक्कत बाजूला ठेवा, पुस्तक कुठे पळून जात नाही. पालकांनी मुलीच्या आधी किंवा तिच्याबरोबर वाचलं तर उत्तम, पण तिच्याऐवजी वाचू नये. पहिल्या वाचनाला बोध शोधू नका, मजा घ्या. शत्रू मरेल तेव्हा खुशाल आनंद माना. मग पुढची तीन चतुर्थांश पानं वाचा, आणि झेतियानचं नेमकं कोणत्या पानावर चुकलं यावर मैत्रिणीशी कडाडून भांडा. या पुस्तिकेतली टिपणंही तशीच भांडत आहेत, कोणाचंही दुसऱ्याशी पटलेलं नाही. त्यांच्यात उतरायला आता माझी गरज नाही. पान उलटा.